जुन्या मोटारसायकलीचे हरवलेले भाग

शेगांवहून उत्तरेकडे सातपुड्याच्या रोखानें निघालें कीं संग्रामपूर तालुक्यांत वरवट बकाल हें गांव लागतें. वऱ्हाडांतील काळ्या जमिनीचा हा मुलूख. कापूस, तूर, ज्वारी हें येथलें पीक, आणि विहिरीवरचें एंजिन, मळणीचें यंत्र, ट्रॅक्टर यांची दुरुस्ती हा अशा गांवच्या मिस्त्र्यांचा रोजचा उद्योग. समजा, येथील एखाद्या वाड्याच्या पडवींत एक जुनी बुलेट मोटारसायकल वीस-पंचवीस वर्षें पडून आहे. आजोबांनीं ती हौसेनें घेतली होती. नातवाला ती पुन्हां रस्त्यावर आणावयाची आहे. चाकें आहेत, टांकी आहे, एंजिनाचा सांगाडा धड आहे. मध्यंतरीं कोणी तरी एंजिन उघडलें, भाग गोणपाटांत बांधून ठेवले, आणि त्या गोणपाटांतून कांहीं मुलांनीं खेळावयास नेले, कांहीं भंगाराबरोबर गेले. आतां सगळें सतरंजीवर मांडून पाहिलें तर पिस्टन आहे, सिलिंडर आहे, दंतचक्रें आहेत. नाहींत ते बारीकसारीक जिन्नस : चार बोल्ट, अर्धचंद्राच्या आकाराची एक चावी, पिस्टनच्या पिनेच्या दोन कड्या, तांब्याचे कांहीं वायसर आणि बुचाची एक लहानशी चकती.

‘एवढेंच ना ?’ असें कोणीही म्हणेल. आणि खरा धोका या ‘एवढेंच ना’ मध्यें आहे. सिलिंडर हरवला असता तर मनुष्य अकोल्यापासून दिल्लीपर्यंत शोध करीत फिरला असता, कारण त्यावांचून एंजिन उभेंच राहत नाहीं. बारीक भागाची गोष्ट वेगळी. तो नसला तरी एंजिन जोडतां येतें, पुष्कळदां सुरूही होतें. म्हणून त्याच्या जागीं जें हातीं लागेल तें बसविलें जातें. जुनीं एंजिनें म्हातारपणानें मरतात त्याहून अधिक या जुळवाजुळवीनें मरतात, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

बुचाच्या त्या चकतीचेंच उदाहरण घ्यावें. इंग्लंडांतील रेडिच येथें बनणारी ही बुलेट भारतीय सैन्याच्या मागणीमुळें आपल्या देशांत आली, आणि १९५५ सालीं मद्रास येथें तिचा कारखाना निघाला. साडेतीनशें घनसेंटिमीटरच्या या एंजिनांत सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ९० मिलिमीटर असते. पिस्टनचा दांडा मुख्य दांड्याला म्हणजे क्रँकला जेथें जोडलेला असतो तेथें या जुन्या एंजिनांत गोळ्यांचें किंवा रुळांचें बेअरिंग नाहीं. मऊ धातूचा मुलामा दिलेला एक मोकळा फिरणारा बुश आहे. त्याचें सारें आयुष्य तेलाच्या पातळ थरावर अवलंबून असतें. हें तेल पंपांतून निघतें, गाळणींतून जातें आणि क्रँकच्या उजव्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून आंत शिरतें. आतां टोंक फिरतें, आणि तेल पुरविणारें झांकण स्थिर असतें. या फिरत्या व स्थिर भागांच्या सांध्यांतून तेल निसटूं नये म्हणून तेथें बुचाची एक चकती घातलेली असते. पुढें बुचाऐवजीं कृत्रिम रबराची चकती येऊं लागली.

ही चकती घालावयाची राहिली तर काय होतें ? बाहेरून पाहणाऱ्याला कांहींच दिसत नाहीं. झांकण नीट बसतें, तेलाचा थेंबही बाहेर गळत नाहीं, कारण निसटलेलें तेल आंतल्या आंतच परत खालीं जातें. एंजिन सुरू होतें, त्याचा ठोका गोड वाटतो, घरांतील मंडळी पेढे वांटतात. परंतु पंपानें उचललेलें तेल सोपी वाट सोडून क्रँकच्या अरुंद छिद्रांत शिरण्याचे कष्ट घेत नाहीं. बुश कोरडा पडतो, तापतो, त्यावरचा मऊ धातु निघूं लागतो, आणि कांहीं मैलांतच खालून ठकठक ऐकूं येते. त्यानंतर सबंध एंजिन पुन्हां उघडणें आणि क्रँकचे दोन जाड भाग दाबयंत्रानें वेगळे करणें याला पर्याय उरत नाहीं. वस्तुतः ही चकती जुन्या भागांच्या दुकानांत आजही अगदीं किरकोळ किंमतींत मिळते. ती महाग नव्हती. ती हवी आहे हेंच कोणाला ठाऊक नव्हतें.

म्हणून पहिलें काम खरेदीचें नव्हे, यादीचें. प्रत्येक कारखाना आपल्या यंत्राच्या भागांचें सचित्र पुस्तक काढतो. त्यांत प्रत्येक वायसराला देखील क्रमांक असतो. तें पुस्तक पुढें ठेवून एंजिन एकदां कोरडेंच, तेल न घालतां व काहीं घट्ट न आवळतां, जोडून पाहावें. पुस्तकांत आहे पण सतरंजीवर नाहीं असा प्रत्येक जिन्नस कागदावर लिहावा. बुलेटच्या मालकाचें एक भाग्य असें कीं, मूळ रचना फारशी न बदलतां हें एंजिन मद्रासला सुमारे अर्धशतक बनत राहिलें. त्यामुळें भाग अजून मिळतात. म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून १९९६ पर्यंत बनलेल्या जावा व येझ्दी या गाड्यांचेंही बरेंच साहित्य हौशी लोकांमुळें बाजारांत टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धांत सव्वा लाखावर बनलेल्या बी. एस. ए. एम्-२० या लष्करी गाडीचे भाग इंग्लंडांत नव्यानें तयार होतात. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा रविवारचा व बुधवारचा जुना बाजार, दिल्लींतील करोलबाग हीं ठिकाणें या कामीं प्रसिद्धच आहेत. मात्र तेथें ‘बुलेटचा बोल्ट द्या’ असें म्हणून चालत नाहीं. कोणता बोल्ट, कोणत्या आट्यांचा, हें सांगतां आलें पाहिजे. आणि येथेंच बहुतेकांची गाडी अडते.

आट्यांचा विषय वरवर रुक्ष वाटतो. पण जुन्या एंजिनाची कुंडली त्यांतच असते. पूर्वी प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाप्रमाणें आटे पाडीत असे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें त्यांना नियम घालून दिला : आट्याच्या खांचेचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागें ठराविक आटे. पाव इंच जाडीच्या बोल्टला इंचामागें वीस. हे जाड आटे अॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूंत चांगले धरतात. पुढें हादरणाऱ्या यंत्रांत बोल्ट सैल होऊं नयेत म्हणून त्याच कोनाचे बारीक आटे निघाले. त्यांत पाव इंचाला सव्वीस आटे येतात. सायकलवाल्यांनीं आपले वेगळेच आटे ठरविले; तेही पाव इंचाला सव्वीसच, पण कोन ६० अंशांचा ! विजेच्या बारीक स्क्रूंसाठीं चौथीच पद्धति, तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. जुन्या इंग्रजी घडणीच्या एकाच गाडींत या चारही पद्धति सुखानें नांदतांना दिसतात. आणि गंमत अशी कीं, त्याच गाडीचा ठिणगीचा प्लग मात्र १४ मिलिमीटरचा, म्हणजे मेट्रिक मापाचा.

आज वरवट बकालच काय, मुंबईच्या हार्डवेअरच्या दुकानांतही सहज हातीं येतो तो मेट्रिक बोल्ट. सहा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टला इंचामागें साधारण साडेपंचवीस आटे येतात, आणि त्याची जाडी पाव इंचापेक्षां मिलिमीटरच्या एकतृतीयांशानें कमी असते. तो सव्वीस आट्यांच्या पाव इंची छिद्रांत घातला तर विनातक्रार आंत जातो. हाताला वाटतें, बसला. पण तो आट्यांच्या केवळ शेंड्यांना धरून असतो. पाना लावून शेवटचा पीळ दिला कीं शेंडे सोलून निघतात. आठ मिलिमीटरचा बोल्ट याच्या उलट. पांच-सोळांश इंचाच्या छिद्राहून तो केंसभरच जाड असतो, पण त्याचे आटे इंचामागें वीस आणि छिद्राचे बावीस. दोन फेरे जातो आणि अडतो. मग बळाचा मिस्त्री लांब पाना घेतो आणि अॅल्युमिनियमच्या पेटींत नवेच, वांकडे आटे पाडून टाकतो. पहिल्या चुकींत बोल्ट फुकट जातो, दुसरींत पेटी.

माप काढणें कठीण नाहीं. आटे मोजण्याची दंतुर पात्यांची पट्टी मिळते. ती नसेल तर शेजारचा अस्सल बोल्ट पातळ कागदावर दाबून फिरवावा आणि अर्ध्या इंचांत किती रेघा उमटल्या त्या मोजाव्या. जाडी व्हर्निअरनें घ्यावी. ज्या छिद्राचा बोल्टच हरवला आहे त्यांत मऊ लाकडाची नीट बेतलेली काडी दाबून फिरविली तर तिच्यावर आट्यांचा ठसा उमटतो. पान्यांनींही फसूं नये : जुन्या इंग्रजी पान्यावर कोरलेला आंकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी सांगत नसून दांड्याची जाडी सांगतो, त्यामुळें पाव इंचाचा व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षांत अर्ध्या इंचाहूनही रुंद तोंडाचा असतो. शिवाय सगळेच आटे उजवे नसतात. बुलेटच्या क्रँकच्या उजव्या टोकावर जो नट तेलाचा पंप चालवितो त्याचे आटे उलटे आहेत. हें ठाऊक नसलेला मनुष्य तो सोडविण्याच्या भरांत आवळीत राहतो, आणि अखेर क्रँकचें टोंक मोडून घेतो.

आटे जुळले म्हणजे काम झालें असेंही नाहीं. पोलाद कोणतें, हा दुसरा प्रश्न. आजच्या चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे आंकडे असतात. पहिला आंकडा तो बोल्ट किती ताणावर तुटेल तें सांगतो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला आठशें न्यूटन. दुसरा सांगतो कीं त्याच्या आठ-दशांश ताणापर्यंत तो न लांबतां टिकेल. गेटाच्या बिजागरीला लावावयाचा साधा बोल्ट याच्या निम्म्या बळाचाच असतो. सिलिंडर धरून ठेवणाऱ्या जागीं असा बोल्ट घातला तर तो तुटणार नाहीं कदाचित्, पण हळूहळू लांबेल. सांधा सैल होईल आणि दोष मात्र पॅकिंगला दिला जाईल. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट हा आजकालचा आणखी एक मोह. ते गंजत नाहींत हें खरें; परंतु स्टेनलेस नट व बोल्ट एकमेकांवर घासून जागच्या जागीं जाम होण्याची खोड त्यांना आहे. एंजिनाच्या आंत त्यांना स्थान देऊं नये, हेंच बरें.

जो भाग बाजारांत मिळत नाहीं तो घडवितां येतो का ? पुष्कळ भाग येतात, आणि त्यासाठीं दूर जाण्याचेंही कारण नाहीं. वऱ्हाडांत कापसाची सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले तेव्हांपासून त्यांच्या मागोमाग लेथ आले. पुढें विहिरींवर तेलाचीं एंजिनें आलीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या घराण्याच्या उद्योगांतून १९४६ सालीं पुण्यास ऑइल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला, आणि एक सिलिंडरचें, सावकाश चालणारें एंजिन शेतकऱ्याच्या घरचेंच झालें. अशीं एंजिनें उघडून बसविलेल्या मिस्त्र्याला बुलेट परकी वाटत नाहीं. बुश, मधल्या नळ्या, दोन्ही टोकांना आटे असलेले स्टड, जाड वायसर हे जिन्नस गांवचा लेथवाला उत्तम करूं शकतो. त्याला फक्त तीन गोष्टी सांगाव्या लागतात : नेमकें माप, धातु, आणि तो भाग एंजिनांत काय काम करतो. तिसरी गोष्ट बहुधा कोणी सांगत नाहीं. आणि लेथवाल्यानें ती विचारली तर ‘तूं फक्त कातून दे’ असें त्याला ऐकविलें जातें. हा शहाणपणा नव्हे. बुश कोठें बसणार हें कळलें तर तो पितळ सोडून गनमेटल घेईल, आणि तेलासाठीं खांचही सांगितल्याशिवाय पाडील. भंगारांतलें पोलाद कोणत्या जातीचें तें ओळखण्याची एक जुनी रीतही त्याला अवगत असते. सहाणेच्या चाकावर तुकडा धरला असतां साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कर्ब अधिक असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

कांहीं भाग मात्र हातानें घडवूं नयेत. पिस्टनची पिन बाजूला सरकूं नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ज्या तारेच्या कड्या असतात त्या या वर्गांतल्या. दिसावयास ती केवळ वळविलेली तार. छत्रीच्या काडीची किंवा सायकलच्या आऱ्याची सहज करतां येईल, असा विचार मनांत येतो. परंतु एंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेत असतां पिस्टन तितक्याच वेळां वर जाऊन थबकतो आणि खालीं येऊन थबकतो. त्या प्रत्येक हिसक्याला कडी खांचेंत घट्ट रुतून राहिली पाहिजे. त्यासाठीं पाणी दिलेलें स्प्रिंगचें पोलाद लागतें. साधी तार हळूहळू ढिली पडते, खांचेंतून निसटते आणि सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नांगराचें तास ओढावें तशी रेघ ओढते. एकदां काढलेली कडी देखील पुन्हां वापरूं नये, कारण काढतांनाच तिचा ताण गेलेला असतो. जावासारख्या दोन धक्क्यांच्या एंजिनांत ही काळजी अधिकच हवी; तेथें सिलिंडरच्या भिंतींतच वायूच्या वाटा उघडतात, आणि सुटलेली कडी त्यांच्या कांठांत अडकली तर पिस्टनचा तुकडाच पाडते.

कार्बुरेटरमधील पितळेचा जेटही तसाच. त्याच्या छिद्रांतून किती पेट्रोल जावें हें ठरलेलें असतें; अॅमल कंपनीच्या मुख्य जेटवरचा आंकडा तर मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहतें तेंच सांगतो. बारीक तार घालून तें छिद्र ‘साफ’ केलें म्हणजे आंकडा तोच राहतो, पण खरा उरत नाहीं.

अर्धचंद्राकृति चावीबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. निमुळत्या दांड्यावर बसणारें चक्र ही चावी फिरविते असें लोकांना वाटतें. वास्तविक चक्राला धरतें तें निमुळत्या पृष्ठभागांचें घट्ट घर्षण. चावी केवळ चक्राची जागा नेमून देते. म्हणून नवी चावी घालण्यापूर्वीं दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून, बारीक घोटणीचा लेप लावून, एकमेकांवर सर्वत्र टेकतात कीं नाहीं तें पाहावें. तसें न करतां खिळा घासून केलेली चावी ठोकली तर दोष मिटत नाहीं. चावी कापली जाते, चक्र सरकतें, ठिणगी अवेळीं पडूं लागते, आणि घरांत सर्वजण कार्बुरेटर उघडून बसतात.

तांब्याच्या वायसरांची गोष्ट याहून सुखाची. तांबें दाबलें गेलें कीं कठीण होतें आणि मग सांधा धरीत नाहीं. पण तें चुलींत मंद लाल होईपर्यंत तापविलें कीं पुन्हां मऊ पडतें. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कठीण होतें, तांबें होत नाहीं. हें तांबटाला शिकवावें लागत नाहीं. खामगांवच्या प्रसिद्ध चांदीच्या पेढ्यांवरील कारागीरही चांदीला याच रीतीनें मऊ करीत आले आहेत. कागदी पॅकिंग घरींच कापतां येतें. मात्र कागद पेटीवर ठेवून कडेनें हातोडीनें ठोकून आकार काढण्याची मिस्त्र्यांची आवडती पद्धत टाळावी; अॅल्युमिनियमची धार दबते आणि तेथूनच पुढें तेल झिरपतें. अंगठ्यानें दाबून ठसा घ्यावा आणि कात्रीनें कापावें. पॅकिंगमधलें तेलाचें छिद्र कापावयास विसरणें हा अपराध तर बुचाची चकती विसरण्याच्याच तोडीचा.

बूच पेट्रोलच्या तोटींतही असतें, आणि तेथें आज एक नवी अडचण उभी राहिली आहे. पूर्वीं या बुचाला लाखेचें रोगण देत, कारण पेट्रोलचा त्यावर परिणाम होत नसे. २०२५ पासून आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि लाख मद्यार्कांत विरघळते. मूळ वस्तूचा आग्रह धरून तेथें लाखेचें बूच बसविणारा प्रामाणिक मनुष्यही त्यामुळें फसतो. त्याची लाख सुटून कार्बुरेटरच्या त्याच जेटमध्यें जाऊन बसते. येथें इथेनॉल सोसणाऱ्या कृत्रिम रबराची चकती घालणेंच योग्य. जुन्या यंत्राशीं इमान राखावयाचें तें त्याच्या कामाशीं. प्रत्येक द्रव्याशीं राखलेंच पाहिजे असें नाहीं.

सर्व भाग जमले, एंजिन जोडलें, तरी लगेच सुरू करूं नये. गाळणीच्या कोठींत आधीं तेल भरावें, ठिणगीचा प्लग काढून ठेवावा आणि पायानें सावकाश बरेच फेरे द्यावे, म्हणजे वाटेंतली हवा निघून जाते. वर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट सैल करून तेथें तेल येतें का तें मिस्त्री पाहतात, आणि तें दिसलें कीं निश्चिंत होतात. परंतु बुलेटमध्यें रॉकरला तेल देतो तो पंपाचा परतीचा भाग. खालच्या बुशाला तेल पोंचतें कीं नाहीं याची ती साक्ष नव्हे. ती साक्ष फक्त बुचाची चकती स्वतःच्या डोळ्यांनीं जागेवर पाहिलेला मनुष्यच देऊं शकतो. पहिल्या पन्नासएक मैलांनंतर तेल पांढऱ्या कापडावर गाळून काढावें आणि त्यावरून चुंबक फिरवावें. चुंबकाला चिकटेल तें पोलाद, न चिकटतां चमकेल तें बुशाचें किंवा पिस्टनचें. कापड स्वच्छ निघालें तर वहींत त्या दिवसाची तारीख घालावी, आणि ती वही, उरलेले दोन बोल्ट, लेथवाल्याला दिलेल्या मापांचा कागद आणि एक जास्तीची बुचाची चकती हें सर्व एका डब्यांत घालून डबा गाडीच्या हत्यारांच्या पेटींत ठेवावा. पुढें केव्हां तरी दुसराच कोणी तें एंजिन उघडणार आहे.